साडूची झडती

परीक्षेत पहिला नंबर धाकट्या जावयाचा आला. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण परीक्षेच्या सकाळी थोरला जावईही तसंच धरून चालला होता.

दोघं एकाच सासऱ्याचे जावई, दोघं पोलीस शिपाई, आणि आता एकाच प्रशिक्षणात. महामार्गावर कागदपत्रं बघायच्या निमित्तानं गाडी थांबवायची आणि तिच्यातला चोरटा माल हुडकून काढायचा, हे तिथं शिकवत. महामार्ग पथकात जागा एकच होती आणि शेवटच्या परीक्षेपर्यंतच्या गुणांत हे दोघं बरोबरीला आले होते. निवड होईल त्याला जीप मिळणार होती. थोरल्याला जीपचं एवढं काही नव्हतं. धाकटा त्या जीपमधून सासरी उतरेल, हे मात्र त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

सासूबाई आधीच धाकट्यावर खूश होत्या. त्या थोरल्याच्याही सासूबाई होत्या, पण ही गोष्ट त्यांना अधूनमधून सांगावी लागे. धाकट्यानं दुरुस्त केलेला नळ पुन्हा गळत नसे. धाकट्याला विनोद सांगून झाल्यावर तो समजावून द्यावा लागत नसे. शिवाय त्याचे केस होते तिथंच होते. थोरला त्याला अहोजाहो करायचा; आदर म्हणून नव्हे, जवळीक नको म्हणून.

शेवटची परीक्षा केंद्राच्या मैदानात होती. एक जुनी पांढरी गाडी, तिच्यात तस्कर म्हणून स्टिअरिंगमागे बसलेले प्रशिक्षक साहेब, आणि कुठंतरी दडवलेला मिठाचा पुडा, विटेएवढा. साहेबांना तस्कर व्हायला आवडायचं, पण गाडीतून उतरणं जिवावर यायचं. त्यामुळं पद्धत अशी पडली होती, की ज्याला पुडा सापडेल त्यानंच तो जिथल्या तिथं ठेवायचा, सगळं होतं तसं बसवायचं आणि पुढच्याला हाक मारायची.

थोरला आधी गेला. मागच्या दाराच्या पॅनेलचे सगळे स्क्रू गंजलेले, एक तेवढा नवा कोरा. पॅनेल निघालं, पुडा हातात आला.

"शाबास," साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "ठेव परत."

थोरल्यानं परत ठेवायला हात आत घातला आणि त्याला डोळ्यांपुढं जीप दिसली. जीपमधून धाकटा उतरला. सासूबाई लगबगीनं दारात आल्या. पुढचं बघायला थोरला थांबला नाही. त्यानं पुडा शर्टात सारला, पट्टा आवळला आणि स्क्रू पिळून घट्ट बसवला.

मग धाकटा आला. नवा स्क्रू त्यालाही दिसला. पॅनेल काढलं तर आत काही नाही. त्यानं सीटखाली बघितलं, जादा चाक काढलं, बॉनेट उघडलं. बाजूच्या कट्ट्याशी बाकीच्या शिपायांत उभं राहून थोरला हे बघत होता. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

धाकटा थांबला. साहेबांनी वर्गात सांगितलं होतं, गाडीत माल मिळेना झाला की माणसं बघा, गाडीला घाम येत नाही. त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेब घोरत होते. मग त्यानं कट्ट्याकडे बघितलं. हवेत गारठा होता आणि सगळे हात चोळत होते, एक जण सोडून.

"साडूभाऊ," धाकट्यानं विचारलं, "वाजले किती?"

"मी परत ठेवला होता," थोरला म्हणाला.

कट्ट्यावर कुणीतरी खोकलं.

"बरं. आणि वाजले किती?"

"उकडतंय जरा आज." थोरल्याचा हात आपसूक पोटावर गेला.

धाकटा जवळ आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "राग मानू नका हं साडूभाऊ, पण तेवढा शर्ट वर करा."

पुडा जमिनीवर पडला आणि धाकट्यानं वेळ विचारली तेव्हाच जागे झालेले साहेब चक्क गाडीतून उतरले. थोरल्यानं मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं. पण साहेबांचे डोळे भरून आले होते.

"हलू नकोस," ते त्याला म्हणाले. "या रे सगळे, नीट बघून घ्या. ही मानेवरची शीर. हे कोरडे ओठ. न विचारलेल्याचा खुलासा, आणि हात बरोबर मालावर. अरे, एवढी वर्षं मी तस्कर होऊन बसतोय, मला हे एकदाही साधलं नाही."

धाकट्याला पथक मिळालं, जीप मिळाली. थोरल्यावर कारवाई झाली नाही. त्याला केंद्रातच कायमस्वरूपी तस्कर नेमण्यात आलं. दर तुकडीनं त्याला थांबवायचं, ओळखायचं आणि पकडायचं.

तो मन घट्ट करून गाडीत बसतो. चेहरा दगडासारखा ठेवतो. मग साहेब खिडकीशी वाकतात आणि कानात एवढंच सांगतात, "तुझे साडू मघाशीच जीप घेऊन सासरी गेले." लगेच मानेची शीर वर येते, ओठ सुकतात, कपाळाला घाम फुटतो. साहेब मागं वळून तुकडीला म्हणतात, "चला, तस्कर तयार आहे."

घरीही सगळं कळलंच. बायको बहिणीला फोनवर अभिमानानं सांगत होती, "तुझे ते महिन्याकाठी एखादा चोर पकडतात. आमचे हे रोज पकडले जातात."

त्याच दिवशी थोरल्यानं वरिष्ठ कार्यालयाला रीतसर अर्ज केला. सदर नेमणुकीमुळे अर्जदाराच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम होत आहे, असं त्यात लिहिलं होतं. बदली मागितलेली नव्हती, जीपचाही उल्लेख नव्हता. शेवटचं वाक्य फक्त होतं: तरी अर्जदाराच्या धाकट्या मेहुणीचा विवाह पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावा, ही नम्र विनंती.