गुणाची पोर

शिशुगृहातून हेमांगीकडे दत्तक आलेली चार वर्षांची कस्तुरी महिन्याभरात अख्ख्या सोसायटीची लाडकी झाली. कुणीही हात पुढे करावा आणि हिने टुणकन कडेवर उडी मारावी. भाजीवाल्या मावशींच्या ती गळ्यात पडायची. सिलिंडर घेऊन आलेल्या दादाला तर तिने विचारलं, "मला तुझ्या घरी नेतोस?"

"भाग्यवान आहेस बाई! गुणाची पोर. रडणं नाही की रुसणं नाही," समोरच्या टिपणीसकाकू म्हणायच्या. हेमांगी कसनुसं हसायची. शिशुगृहातल्या ताया सारख्या बदलायच्या; जी उचलेल ती आपली, एवढंच पोरीला ठाऊक. मग आपण तिच्या कोण, आणखी एक ताई?

आज काकूंनी नेहमीसारखी दारातून हाक दिली, "चल गं, झोपाळ्यावर जाऊ!" हेमांगी पोळ्या लाटत होती. कस्तुरीने काकूंकडे पाहिलं, हेमांगीकडे पाहिलं आणि धावत येऊन तिच्या पायांना मिठी मारली. काकूंनी उचलायला हात लावला मात्र, पोरीने असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली.

"अगंबाई, बिघडली की गं ही!" काकू चाटच पडल्या.

हेमांगीने गॅस बंद केला. पिठाच्या हातांनीच रडकं ध्यान कडेवर घेतलं, साखरेचा डबा काढला आणि जिन्यात जमलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर ठेवली.

"अगं, साखर कशाबद्दल?"

"मुलगी झाली मला," ती म्हणाली.