चार दिवसांपुरतं पेट्रोल

"चार दिवसांसाठी एवढी उठाठेव कशाला, म्हणतो मी," दिनकरराव पुटपुटले. शेजारी उकिडव्या बसलेल्या शलाकाला ऐकू जाईल इतपतच.

लेकीने मोटरसायकलची पेट्रोलची नळी उपसली आणि खाली वाटी धरली. दोन-तीन थेंब आले नि थांबले.

होळीला ती चार दिवसांसाठी माहेरी आली होती. आता फतेगंजच्या कोपऱ्यावर गरब्याच्या मंडपाचे बांबू येऊन पडले होते आणि ते चार दिवस अजून संपले नव्हते. उद्यापासून तिला गोत्रीच्या एका शाळेत शिकवायला जायचं होतं. पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला नोकरी कशाला, हे घरात कुणी विचारलं नाही. सगळे बसच्या वेळांबद्दल बोलत होते. वेळा जुळत नव्हत्या, म्हणून ही गाडी.

गाडी दिनकररावांची. कॉलेजात असताना शलाकाही चालवायची. कार्ब्युरेटर उघडायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिचं लग्न झालं, मग यांचे गुडघे गेले, आणि गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहिली. दर दसऱ्याला ते ती पुसत, हळदकुंकू वाहत, झेंडूचा हार घालत आणि टाकीत अर्धा लिटर ताजं पेट्रोल ओतत. रिकाम्या गाडीची पूजा करायची नाही, हा त्यांचा नियम. चालू मात्र कधी केली नाही. देव तरी आपण कुठे चालवून बघतो?

शलाकाने टाकी उतरवून पातेल्यात उपडी केली. कोऱ्या चहासारखं काहीतरी पडलं, मागोमाग गंजाचे कपटे. जुना रंगाचा डबा उघडावा तसा वास सुटला.

"ते पातेलं आता स्वयंपाकघरात आणू नकोस," शलाकाची आई, स्नेहलताबाई, दारातून म्हणाल्या.

"बाबा, दर वर्षी जुन्यावर नवं ओतत गेलात. अर्धीमुर्धी ठेवली की वरचा पत्रा आतून गंजतो. एक तर टाकी भरून ठेवायची, नाही तर कोरडी."

"दसऱ्याला कोरडी?" दिनकरराव दुखावल्या आवाजात म्हणाले.

टाकीत रॉकेल आणि मूठभर खडी घालून दोघांनी ती दोन बाजूंनी धरली आणि हलवत बसले. बोलणं टाळायचं असलं की हे काम बरं. खडीचा आवाज पुरतो.

कार्ब्युरेटरच्या वाटीत वाळलेल्या डिंकासारखा थर होता. पेट्रोल सोडणारं बारीकसं जेट उजेडाकडे धरलं, तर भोक पार बुजलेलं. शलाकाने जुन्या वायरमधली तांब्याची एक तार सुटी केली, भोकातून ओवली, जोरात फुंकर मारली आणि पुन्हा धरून पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढं आकाश दिसलं.

"दिसलं?"

"दिसलं."

"काल बूथवरून लागला का फोन जावयांना?"

"लावलाच नाही, बाबा." तिने वाटीचे स्क्रू आवळायला घेतले.

टाकी बसली. दिनकररावांनी सकाळीच पंपावरून पेट्रोल आणून ठेवलं होतं, दसऱ्याच्याच बाटलीत, अर्धा लिटर. "चार दिवसांना पुरेल," कुणी विचारलं नसताना ते म्हणाले.

किका मारून मारून शलाकाचा पाय भरून आला. तिने ओढणी कमरेला खोचली, पुन्हा मारली. गाडी खोकली, विझली, खोकली आणि एकदम धरली. अंगणभर निळसर धूर झाला. धुरामागून शेजारच्या कांचनबेन कंपाउंडच्या भिंतीशी उगवल्या, नाकाला पदर लावून.

"अरे वाह, चालू थई गई! सारू, सारू." मग पदर खाली आला. "तो शलाका, दिवाळी तो सासरे ज ने?"

दिवाळी सासरीच ना, या प्रश्नावर शलाकाने ॲक्सिलरेटर पिळला. कांचनबेन आवाज ओसरायची वाट बघत उभ्या राहिल्या. होळीपासून त्या वाटच बघत होत्या.

"जावयांच्या बदलीचं चाललंय ना, बेन," स्नेहलताबाईंनी सुरुवात केली. "नवीन घर मिळालं की लगेच..." उन्हाळ्यापासून त्या हेच वाक्य बोलत होत्या. हल्ली ते अर्ध्यावर येऊन थकायचं. आजही थकलं. इंजिन तेवढं धडधडत राहिलं.

दिनकरराव गुडघ्यावर हात टेकून स्टुलावरून उठले. काळ्या बोटांनी त्यांनी किल्ली फिरवली. दुपारभर खपून चालू केलेली गाडी बंद झाली.

"अगं, मोठा कॅन काढ," ते बायकोला म्हणाले. "टाकी भरून आणतो."

मग किल्लीवरचा हात तसाच ठेवून ते भिंतीकडे वळले.

"ना, कांचनबेन. शलाका आता परत जाणार नाही."