चित्रातली बोट

चित्रातल्या मुलीच्या डोळ्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. लहानपणी मला ती आनंदाची चमक वाटायची. आज भिंगातून पाहिलं, तर ठिपक्याखाली बारीक ओघळ होता.

जपानमधल्या कोबेच्या प्रयोगशाळेने मला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. उत्तराची मुदत आज संपत होती आणि मी सकाळपासून कपाटं आवरत सुटले होते. त्यातच हा जुना जपानी मांगा, म्हणजे चित्रकथेचं पुस्तक, सापडला, आत्याने तिकडून आणलेला. भाषा येत नसल्याने मी चित्रांवरूनच गोष्ट लावली होती: मुलगी बोटीतून उतरते, टेकडी चढून घरी येते, दारात आई हात उंचावून तिचं स्वागत करते. लांबची प्रत्येक नोकरी नाकारताना मला ते दार आठवायचं.

"आई, उलटं वाचतेयस!" माझी दहावीतली ऋजुता खांद्यावरून डोकावली. "मांगा उजवीकडून वाचतात गं. एवढी शास्त्रज्ञ तू, आणि शेवटापासून सुरुवात?"

मी दुसऱ्या टोकाने पानं उलटली. आई दारातून निरोप देत होती. मुलगी रडत टेकडी उतरली, बोटीत चढली. शेवटच्या पानावर नुसता समुद्र होता.

"परत येते का ती?"

"पुढच्या भागात येत असेल. तुझं काय ते सांग ना. बाबा आत येरझाऱ्या घालतायत."

येरझाऱ्या थांबल्या.

"विनय," मी आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "मी कोबेला जातेय."