पहिली राखीव

पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, खेळाडूंना वेळेवर सोडणाऱ्या स्टार्टरकाकांनी न आलेल्या मुलीचं नाव पुन्हा एकदा पुकारलं, तसं शलाकाने हातमोजा चढवला. ती या गोल्फ स्पर्धेतली राखीव खेळाडू. कुणी वेळेत पोचलं नाही, तरच तिचा नंबर. अख्खा हंगाम तिने कुणाच्या तरी खोळंब्याची वाट बघत काढला होता. एकदाही नंबर लागला नव्हता.

“काही येत नाही ती आता. खोडतो नाव,” काका म्हणाले.

त्यांच्या पाठीमागे, पार्किंगकडून एक मुलगी बॅग सावरत जीव खाऊन पळत येत होती. दिसत होती ती फक्त शलाकाला. नुसतं गप्प राहिलं, की नंबर लागणार होता.

“काका, मागे बघा,” शलाका म्हणाली.

मुलगी धापा टाकत पोचली. “टायर पंक्चर झाला गं! तुझी खेळायची वेळ कितीची?”

“हीच होती,” हातमोजा काढत शलाका म्हणाली.