पडद्यावरची मुलगी

"ही मीच!" म्हाताऱ्या धाकलीनं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं.

"तू कशाची? असं नाक तुझं होतं कधी?" शेजारची तुळशी फिसकन हसली. "ही मी हाये."

श्रुतिकानं कपाळाला हात लावला. दोन महिने तलासरीचे पाडे पालथे घालून तिला एकही मुलगी सापडली नव्हती. आणि आज एकाच ओट्यावर दोन-दोन!

फिल्म जुनी, काळी-पांढरी. देश स्वतंत्र होऊन उणीपुरी पंधरा वर्षं झाली असतील, तेव्हा कुणी दिग्दर्शक गावोगाव हिंडून एकच प्रश्न विचारत होता: तुम्ही कोण? कुणी जात सांगितली, कुणी गाव, कुणी नुसतीच छाती फुगवली. शेवटी इथलं एक पाच-सहा वर्षांचं ध्यान. गुडघ्यापर्यंत सदरा, दोन वेण्या, वेणीत फूल, एक मूठ घट्ट मिटलेली. प्रश्न ऐकून ते डोक्यावरून हात फिरवतं, खिदळतं आणि धूम ठोकतं.

श्रुतिकाच्या नव्या माहितीपटाचा सगळा डोलारा त्या न दिलेल्या उत्तरावर होता. साठ वर्षांनी तोच प्रश्न त्याच मुलीला विचारायचा. ती नाही सापडली तर फिल्मला शेवटच नव्हता.

"मी सांगू का?" धाकलीचा नवरा भिका शहाळं सोलता सोलता म्हणाला.

"तू गप रं. बायकांचं चाललंय."

"बाबा, थांबा जरा," श्रुतिकाही म्हणाली. शोध मुलीचा, त्यात बाप्यामाणसाचं काय काम?

भिकानं टकलावरून हात फिरवला आणि पुन्हा कोयता उचलला.

श्रुतिकानं हुकमाचा पत्ता राखून ठेवला होता. पळता पळता ती मुलगी मूठ उघडते, तेवढा तुकडा तिनं कुणाला दाखवलाच नव्हता.

"सांगा बघू, मुठीत काय होतं?"

"करवंदं," धाकली म्हणाली.

"गूळ," तुळशी म्हणाली. "कॅमेरावाल्यानंच दिलेला."

दोघीही चुकल्या. श्रुतिकाचा चेहरा पडला. एवढ्या वेळातच या दोघींवर तिचा जीव जडला होता, म्हणून जास्तच वाईट वाटलं. ती लॅपटॉप मिटू लागली. म्हाताऱ्या मात्र करवंदं की गूळ, यावर हातघाईवर आल्या होत्या.

"खेकडा," भिका म्हणाला. "जिता. कॅमेरावाल्याच्या खिशात सोडायचा होता."

श्रुतिका जागच्या जागी थबकली. खेकडाच होता.

"बाबा, तुम्ही ओळखता तिला? कुठं असते ती?"

भिकानं शहाळं तिच्या हातात दिलं, टकलावरून हात फिरवला आणि खिदळला.

"आईनं महालक्ष्मीला बोललेला नवस फिटेस्तोवर माझ्या डोक्याला कात्री कुठं लागलेली, पोरी?"