कोपरावरचा जोड

नव्या जॅकेटच्या मापासाठी शर्ट काढून धाकटा स्टुलावर बसला आणि टेबलाला पक्कं केलेलं मोटरसायकलचं जुनं हँडल त्याने दोन्ही हातांनी धरलं. गिऱ्हाइकाला गाडीवर बसल्यासारखं बसवून माप घ्यायचं, ही त्याच्या थोरल्या भावाची, मास्तरांची पद्धत. उभ्याने घेतलेल्या मापाची बाही गाडीवर मनगटाच्या वर चढते.

"डावा हात जरा सैल सोड," मास्तर म्हणाले.

"दादा, तो आता सुटत नाही. कायमचा हँडलवरच आहे." धाकटा हसला. "तुला मापाला बरा."

मास्तरांनी टेप लावला. कोपरावरची कातडी चकचकीत, ताणलेली होती. अपघातानंतर मांडीवरून काढून तिथे बसवलेली.

पलीकडे एक तरुण शिक्षिका नमुने चाचपत होती. शाळा लांब, म्हणून नवी मोटरसायकल घेतलेली. तिच्यापुढे जाळीचं हलकं कापड होतं, जाड नायलॉन होतं आणि म्हशीच्या चामड्याचा तुकडा होता. तिचा हात पुन्हा पुन्हा जाळीवर जात होता.

"चामड्यात मी उकडून निघेन हो."

"उकडलेलं परवडतं, सोललेलं नाही," धाकटा बसल्या जागेवरून म्हणाला. "जाळीकडे बघूच नका. ते बघा, माझं."

भिंतीवर त्याचं जॅकेट टांगलेलं होतं. पाठीवर आणि खांद्यांवर रस्त्याने ओढलेले पांढरट ओरखडे. बाह्या कोपरापर्यंत काळ्या, खाली लाल. ते दुकानात लावायची कल्पना धाकट्याचीच.

"तीस फूट घासत गेलो. पाठीला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या वाटची चामडी म्हशीने दिली आणि शिवली दादाने. कोपराचं म्हणाल, तर ते माझं नशीब."

शिक्षिकेने उठून जॅकेटची बाही हातात घेतली.

"मास्तर, मग हेच चामडं. आणि बाही अशीच दोन रंगांची. जोड इथेच, कोपरावर."

"जोड वर घेऊ, दंडावर."

"का? इथे किती छान दिसतोय."

"दे की त्यांना हवं तसं," धाकटा म्हणाला. "तूच तर काढली होतीस ही दोन रंगांची तऱ्हा. आल्यागेल्याला दाखवत होतास."

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला. जॅकेट उतरवून टेबलावर ठेवलं आणि डावी बाही उलटी केली. आतून सगळीकडे काळा धागा होता. कोपरावर तेवढा तपकिरी.

"चामडं फाटलं नव्हतं," ते म्हणाले. "शिवण उसवली होती. पडताना कोपर टेकतो, तिथे जोड घ्यायचा नसतो. कामाला लागलो त्या दिवशीच हे शिकवलं होतं मला. दिसायला बरं वाटलं, म्हणून घेतला. तू दवाखान्यात होतास तेव्हा परत शिवली."

शिक्षिका एक पाऊल मागे सरली.

धाकट्याचे हात हँडलवरच होते. तो तपकिरी धाग्याकडे बघत राहिला.

"वर्ष झालं, दादा."

"सांगणार होतो. पण तू ज्याला त्याला सांगत सुटला होतास, दादामुळे वाचलो म्हणून."

"मग मला सांगू द्यायचं नव्हतंस."

मास्तरांनी बाही पुन्हा सुलटी केली. तेवढ्यासाठी त्यांना बराच वेळ लागला.

"बाई, यांच्याकडूनच शिवून घ्या," धाकटा म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. "जोड मात्र ते सांगतील तिथे."

तो उठला आणि खुर्चीवरचा शर्ट त्याने ओढून घेतला. वर्षभर रोज सकाळी डावी बाही मास्तरच चढवून देत. सवयीने त्यांचे हात पुढे झाले.

धाकट्याने खांदा फिरवला. "राहू दे."

बाही कोपराशी अडकली. त्याने कॉलर दातांत धरली आणि उजव्या हाताने कापड वर ओढू लागला.