अर्धी टाकी

चिंचणीचा पुंडलिक तारापूरला ट्रकने केमिकलचे ड्रम वाहायचा. ते चढवताना कंबर मोडायची. शेजारचा दर्पण मात्र टँक कंटेनर चालवायचा. पाइप जोडला की गाडी भरली. त्याला स्टिअरिंग धरायला आपणच शिकवलं, हे आठवून पुंडलिकचा जळफळाट व्हायचा. एकदा दर्पण तापाने पडला आणि दोघांच्या मालकाने त्याची गाडी पुंडलिककडे दिली. टाकी अर्धीच भरलेली होती. बोईसरला मासळीची पाटी घेतलेली बाई आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, पण आतलं केमिकल उसळून आदळलं आणि थांबलेली गाडी पुढे ढकलली गेली. बाई वीतभराने वाचली. संध्याकाळी दर्पणने विचारलं, "दादा, घाबरलास ना? अर्धी टाकी रोज अशीच ढकलते." "मी कशाला घाबरू?" पुंडलिक म्हणाला. दर्पण म्हणाला, "मालक अशीच दुसरी गाडी घेतायत. तुजं नाव सांगू?" दर्पणकडे न बघता पुंडलिक म्हणाला, "आजच सांग."